नकाशे सापडावेत म्हणून: भू-स्थानिक कॅटलॉग आणि खुली मानके

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतले कागद कापडात बांधून ठेवलेले आहेत आणि अशा प्रत्येक गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. असे हजारो रुमाल तिथे आहेत. आपल्याला हवा असलेला कागद त्यांपैकी एखाद्या रुमालात आहे, एवढेच ठाऊक असून संशोधकाचे काम होत नाही; कोणत्या रुमालात कोणत्या प्रांताचे, कोणत्या काळाचे आणि कशासंबंधीचे कागद आहेत हे सांगणारी यादी हाताशी असेल, तेव्हाच तो कागद मेजावर येतो. सरकारी कार्यालये, विद्यापीठे आणि सामाजिक संस्था यांच्या संगणकांत आज साठलेल्या नकाशांची आणि स्थानाशी जोडलेल्या माहितीची गोष्टही अशीच आहे. इथे अडचण आणखी एका पायरीने वाढते, कारण हे रुमाल एका इमारतीत नाहीत. ते शेकडो ठिकाणी आहेत आणि प्रत्येकाची यादी, असलीच तर, वेगळ्या पद्धतीने लिहिलेली आहे.

समजा, सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात पाणलोटाचे काम करणाऱ्या एका अभियंत्याला तालुक्यातील निरीक्षण विहिरींची ठिकाणे आणि त्यांतील पाण्याची पातळी हवी आहे. ही माहिती भूजलाचे काम पाहणाऱ्या कार्यालयात असू शकते, कृषी विभागात असू शकते, किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या जुन्या प्रकल्पातही असू शकते. चार ठिकाणी फोन केल्यावर, ओळखीतून, त्याला पेन ड्राइव्हवर एक फाइल मिळते. ती उघडल्यावर नकाशावर ठिपके उमटतात, एका ठिपक्यावर टिचकी मारली की 'पाणी: ९.४' असे दिसते, आणि इथेच खरे प्रश्न सुरू होतात. हे ९.४ मीटर आहे की फूट? जमिनीच्या पातळीपासून मोजले आहे की विहिरीच्या कठड्यापासून? मोजणी पावसाळ्यापूर्वीची आहे की दिवाळीनंतरची, आणि कोणत्या वर्षीची? आकडा अचूक असूनही तो वापरता येत नाही, कारण त्याच्यासोबत असायला हवी होती ती नोंद कोणी लिहिलेलीच नाही. या नोंदीला मेटाडेटा म्हणतात आणि अशा अनेक नोंदी एकत्र शोधता येतील अशा रीतीने मांडल्या की त्याला मेटाडेटा कॅटलॉग म्हणतात.

विहिरींच्या या माहितीसंचाची नोंद नीट लिहायची झाली, तर तिच्यात पुढील प्रकारचा मजकूर येईल. नाव असे हवे की ते एकटे वाचले तरी कळावे: 'माण तालुका, निरीक्षण विहिरींतील भूजल पातळी, मे महिन्याची मोजणी'. त्यानंतर चार-सहा ओळींचा सारांश, ज्यात ९.४ म्हणजे जमिनीच्या पातळीपासून खाली मोजलेले मीटर आहेत हे स्पष्ट लिहिलेले असेल. मग व्याप्ती, म्हणजे हा संच जमिनीच्या कोणत्या तुकड्याबद्दल आहे ते सांगणारे पश्चिम, पूर्व, दक्षिण आणि उत्तर टोकांचे चार आकडे. मोजणी केव्हा झाली, फाइल केव्हा तयार झाली आणि ही नोंद शेवटी केव्हा सुधारली, या तीन वेगळ्या तारखा आहेत आणि त्यांची गल्लत अतिशय सहज होते. याशिवाय माहिती कोठून आली आणि तिच्यावर कोणते संस्कार झाले याचा इतिहास, वापराच्या अटी, जबाबदार कार्यालयाचा पत्ता आणि माहिती प्रत्यक्ष जिथे मिळेल तो दुवा.

निर्देशांक पद्धतीची, म्हणजे ठिकाण कोणत्या पद्धतीच्या आकड्यांनी सांगितले आहे याची, नोंदही अशीच महत्त्वाची आहे आणि महाराष्ट्रात तर ती विशेष महत्त्वाची आहे, कारण ७८ अंश पूर्व रेखावृत्त आपल्या राज्यातून जाते आणि पृथ्वीचे उभे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यात ठिकाण मीटरमध्ये सांगणाऱ्या यूटीएम या प्रचलित पद्धतीचे दोन पट्टे तिथे एकमेकांना भेटतात. अमरावती शहर ४३व्या पट्ट्यात पडते आणि यवतमाळ शहर ४४व्या. पट्टा कोणता ते लिहिले नाही, तर नुसत्या मीटरमधल्या आकड्यांवरून ठिकाण निश्चित करता येत नाही.

एवढे सगळे लिहायचे हे मान्य झाले, तरी प्रत्येक कार्यालयाने आपापल्या मनाने लिहून चालत नाही. एकाने 'दिनांक', दुसऱ्याने 'तारीख' आणि तिसऱ्याने 'वर्ष' असा रकाना केला, तर माणूस वाचून समजून घेईल, पण यंत्राला ते तीन वेगळे रकाने वाटतील. म्हणून मानके लागतात. अमेरिकेत १९९४ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने राष्ट्रीय स्थानिक माहिती (म्हणजे स्थानाशी जोडलेली माहिती) पायाभूत सुविधेचे काम सुरू झाले आणि त्याच वर्षी तिथल्या फेडरल जिऑग्राफिक डेटा कमिटीने भू-स्थानिक मेटाडेटाचे आपले मानक काढले. पुढे आंतरराष्ट्रीय पातळीवर २००३ साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे आयएसओ १९११५ हे मानक आले आणि २०१४ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. ग्रंथालयांच्या जगाकडे झुकणारे, १५ मूलभूत घटकांचे डब्लिन कोअर हे त्याहून खूप साधे मानकही कॅटलॉगच्या कामात वापरले जाते. त्याचे नाव आयर्लंडच्या राजधानीवरून आलेले नाही. १९९५ साली ज्या बैठकीतून ते उभे राहिले, ती अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील डब्लिन गावी झाली होती.

या मानकांची नावे आणि आकडे पाहून नवखा माणूस गोंधळतो, आणि माझ्या मते त्याचे कारण असे की तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे एकाच दमात सांगितली जातात. नोंदीत काय लिहायचे, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर आयएसओ १९११५ देते. ते यंत्राला वाचता येईल अशा कोणत्या रूपात लिहायचे, हा दुसरा. त्यासाठी २००७ सालचे आयएसओ १९१३९ आहे, ज्यात त्या रकान्यांची एक्सएमएल मांडणी, म्हणजे प्रत्येक रकान्याला नावाची खूण लावून लिहिण्याची पद्धत, ठरवून दिली आहे. आणि लिहिलेल्या नोंदींच्या साठ्याला दुसऱ्या कोणी प्रश्न कसा विचारायचा व उत्तर कोणत्या स्वरूपात द्यायचे, हा तिसरा. प्रकाशन या शब्दाचा खरा अर्थ या तिसऱ्या प्रश्नाशी बांधलेला आहे आणि नेमका तोच सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो.

कारण बहुतेक ठिकाणी प्रकाशन म्हणजे एक पोर्टल उभारणे, असे समजले जाते. पोर्टलवर शोधपेटी असते, रंगीत नकाशा असतो, यादी असते, आणि तिथपर्यंत पोहोचलेल्या माणसाला ती उपयोगीही पडते. पण माणच्या त्या अभियंत्याला असे दहा पोर्टल पालथे घालावे लागतील, प्रत्येकाची रचना नव्याने शिकावी लागेल, आणि अकरावे पोर्टल अस्तित्वात आहे हे त्याला कळणारच नाही. पोर्टल माणसाच्या डोळ्यांसाठी असते. कॅटलॉग उघडा झाला असे तेव्हाच म्हणता येते, जेव्हा दुसऱ्या संस्थेचे सॉफ्टवेअर, कोणाचीही परवानगी न मागता आणि कोणालाही फोन न करता, त्याला ठरलेल्या भाषेत प्रश्न विचारू शकते आणि ठरलेल्या भाषेत उत्तर मिळवू शकते. यालाच इंटरऑपरेबिलिटी किंवा आंतरकार्यक्षमता म्हणतात. रोजच्या व्यवहारातले उदाहरण द्यायचे, तर यूपीआयने पैसे देताना भाजीवाल्याचे खाते कोणत्या बँकेत आहे आणि आपण कोणते ॲप वापरतो याचा विचार करावा लागत नाही, कारण मधला व्यवहार कसा व्हायचा हे सगळ्यांनी आधीच मान्य केलेले असते.

भू-स्थानिक जगात असे करार घडवण्याचे काम १९९४ साली स्थापन झालेली ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम, म्हणजे ओजीसी, ही संस्था करते. नकाशाचे चित्र मागवण्यासाठी डब्ल्यूएमएस आणि नकाशामागची प्रत्यक्ष माहिती मागवण्यासाठी डब्ल्यूएफएस ही तिची मानके या क्षेत्रात सर्वपरिचित आहेत. कॅटलॉगला प्रश्न विचारण्यासाठीचे तिचे मानक म्हणजे कॅटलॉग सर्व्हिस फॉर द वेब, थोडक्यात सीएसडब्ल्यू. त्याची २००७ सालची २.०.२ ही आवृत्ती अजूनही ठिकठिकाणी वापरात आहे, ३.० ही आवृत्ती २०१६ साली आली.

सीएसडब्ल्यूमधला संवाद प्रत्यक्षात कसा होतो, हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. अभियंत्याचे सॉफ्टवेअर आधी कॅटलॉगला 'गेटकॅपॅबिलिटीज' अशी विनंती पाठवते, म्हणजे 'तुम्हाला काय काय येते ते सांगा' असे विचारते. कॅटलॉग आपले नाव, आपल्याला समजणाऱ्या विनंत्या, आपण कोणत्या मानकांतल्या नोंदी देऊ शकतो आणि कोणत्या रकान्यांवर शोध घेता येतो, हे कळवतो. मग 'गेटरेकॉर्ड्स' ही मुख्य विनंती जाते: ज्या नोंदींच्या मजकुरात 'भूजल' हा शब्द आहे आणि ज्यांची व्याप्ती मी दिलेल्या चौकटीला कोठेतरी स्पर्श करते, अशा नोंदी द्या, पहिल्या १० द्या आणि थोडक्यात द्या. उत्तरात एकूण किती नोंदी जुळल्या, आत्ता किती पाठवल्या आणि पुढची खेप कितव्या नोंदीपासून सुरू होईल, हे आकडे येतात. त्यांतली एखादी नोंद पूर्ण वाचायची असेल, तर तिचा ओळखक्रमांक देऊन 'गेटरेकॉर्डबायआयडी' म्हणायचे. पूर्ण नोंदीत डब्ल्यूएमएस किंवा डब्ल्यूएफएसचा दुवा असला, तर त्याच सॉफ्टवेअरमध्ये विहिरींचे ठिपके लगेच नकाशावर उतरतात. क्यूजीआयएस या नकाशांच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मेटासर्च नावाची सोय सोबतच मिळते. तिच्यात एखाद्या सीएसडब्ल्यू कॅटलॉगचा पत्ता घातला की हा सगळा संवाद स्वतः करून पाहता येतो, आणि ज्यांना हा विषय मनापासून समजून घ्यायचा आहे त्यांनी तो करून पाहावाच.

आता याच संवादातली एक अशी चूक पाहू, जी भल्याभल्यांकडून होते. माण तालुक्यातल्या दहिवडीचे स्थान साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांश आणि ७४.५ अंश पूर्व रेखांश असे आहे. हे दोन आकडे कोणत्या क्रमाने लिहायचे? ईपीएसजी ४३२६ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या अक्षांश-रेखांशांच्या निर्देशांक पद्धतीच्या अधिकृत व्याख्येत अक्षांश आधी येतो. मात्र भौगोलिक माहिती लिहिण्याच्या, २०१६ साली प्रमाणित झालेल्या जिओजेसन या स्वरूपात रेखांश आधी लिहायचा असतो. प्रश्न विचारणाऱ्याने एक क्रम धरला आणि कॅटलॉगने दुसरा, तर माण तालुक्यासाठी आखलेली चौकट ७४.५ अंश उत्तरेला आणि १७.७ अंश पूर्वेला जाऊन पडते, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेला असलेल्या बेअर बेटाजवळच्या बर्फाळ समुद्रात. कॅटलॉग कोणतीही चूक दाखवत नाही. तो फक्त 'जुळलेल्या नोंदी: ०' असे कळवतो आणि शोधणारा समजतो की माणच्या विहिरींची माहिती कोणाकडेच नाही. मानक पाळले असे म्हणणे आणि ते तपासून पाहणे यांत केवढे अंतर असते, ते या शून्यात दिसते. म्हणून कॅटलॉग उघडा केल्यावर पहिली चाचणी आपल्याच ओळखीच्या गावाची चौकट देऊन घ्यावी, आणि ती बाहेरच्या सॉफ्टवेअरमधून घ्यावी.

प्रश्न विचारता येऊ लागले की पुढची शक्यता आपोआप उघडते. एक कॅटलॉग दुसऱ्या कॅटलॉगमधल्या सगळ्या नोंदी ठरावीक काळाने उचलून आपल्याकडे आणू शकतो. याला हार्वेस्टिंग म्हणतात आणि सुगीच्या कल्पनेशी जुळणारा हा शब्द मला नेमका वाटतो, कारण पीक ज्याच्या त्याच्या शेतातच पिकते, रास मात्र एका खळ्यावर पडते. तालुक्याची नोंद जिल्ह्याच्या कॅटलॉगमध्ये, जिल्ह्याची राज्याच्या आणि राज्याची देशाच्या कॅटलॉगमध्ये जाऊ शकते. माहिती मूळ जागीच राहते आणि तिची जबाबदारीही मूळ कार्यालयाकडेच राहते.

याचे सर्वांत मोठे आणि कायद्याने बांधलेले उदाहरण युरोपात आहे. युरोपीय संघाचा इन्स्पायर हा निर्देश २००७ साली अमलात आला. त्याने पर्यावरणाशी संबंधित ३४ विषयांतल्या स्थानिक माहितीसाठी सदस्य देशांवर मेटाडेटा लिहिण्याचे आणि शोधसेवा चालवण्याचे बंधन घातले. देशोदेशीच्या शोधसेवांमधून नोंदी गोळा करून एका सामाईक पोर्टलवर त्या दाखवल्या जातात. मला त्यातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट ही वाटते की सेवा 'असावी' एवढे म्हणून ते थांबले नाहीत. शोधसेवेने नेहमीच्या परिस्थितीत ३ सेकंदांच्या आत उत्तर द्यायला सुरुवात केली पाहिजे, सेकंदाला ३० विनंत्या पेलल्या पाहिजेत आणि ९९ टक्के वेळ ती चालू असली पाहिजे, असे २००९ सालच्या नियमांत लिहिलेले आहे. बंद पडलेला कॅटलॉग आणि नसलेला कॅटलॉग यांत शोधणाऱ्याच्या दृष्टीने काहीच फरक नसतो, हे ज्यांनी अनुभवले असेल त्यांनीच असे नियम केले असणार.

हार्वेस्टिंगची स्वतःची गुंतागुंतही आहे. प्रत्येक नोंदीला जगात एकमेव असा ओळखक्रमांक हवा आणि फाइलचे नाव किंवा संकेतस्थळ बदलले तरी तो बदलता कामा नये. नाहीतर तीच नोंद दरवेळी नवी म्हणून जमा होते आणि एकाच विहिरींच्या संचाच्या पाच प्रती यादीत दिसू लागतात. नोंद सुधारल्याची तारीख न चुकता बदलली पाहिजे, कारण 'गेल्या महिन्यानंतर बदललेल्या नोंदीच द्या' असे मागणारा कॅटलॉग त्या तारखेवरच विसंबतो. काढून टाकलेल्या नोंदींचा प्रश्न तर आणखी अवघड आहे. ग्रंथालये व संशोधन-भांडारे वापरतात त्या ओएआय-पीएमएच या संकेतात 'ही नोंद रद्द झाली' असे सांगण्याची सोय आहे. सीएसडब्ल्यूच्या साध्या शोधात मात्र रद्द झालेली नोंद फक्त दिसेनाशी होते, आणि ती गेली हे कळण्यासाठी हार्वेस्ट करणाऱ्याला जुनी आणि नवी यादी समोरासमोर ठेवून पडताळावी लागते.

हे सगळे उभारायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत, रोम येथे, ज्याची सुरुवात झाली ते जिओनेटवर्क आणि पायथन या संगणकभाषेत लिहिलेले पायसीएसडब्ल्यू ही दोन्ही मुक्तस्रोत आहेत. जिओनेटवर्कमध्ये नोंदी लिहिण्याचे, तपासण्याचे, इतरांकडून आणण्याचे आणि लोकांना दाखवण्याचे सगळे काम एका छताखाली होते. पायसीएसडब्ल्यू आटोपशीर आहे आणि नोंदी आधीच कोठेतरी तयार असतील, तर त्यांच्यापुढे मानक पद्धतीचे दार बसवायला तो फार सोयीचा पडतो. सॉफ्टवेअर बसवायला काही दिवस लागतात. दोनशे माहितीसंचांचे सारांश, व्याप्ती आणि इतिहास लिहून काढायला मात्र कित्येक महिने लागतात, आणि ते काम त्या विहिरींवर टेप घेऊन गेलेल्या माणसाशी बोलल्याशिवाय होत नाही.

गेल्या काही वर्षांत या दारांची रचनाही सोपी होत चालली आहे. सीएसडब्ल्यूच्या एक्सएमएल विनंत्या वेब डेव्हलपरना परक्या वाटत. त्यामुळे ओजीसीने 'ओजीसी एपीआय रेकॉर्ड्स' हे नवे मानक आणले, ज्यात कॅटलॉग म्हणजे साधे वेब पत्ते, नोंद म्हणजे जिओजेसन, आणि चौकट, काळ व शोधशब्द हे पत्त्यातच लिहायचे घटक असतात. उपग्रह-चित्रांसारख्या, रोज हजारोंनी वाढणाऱ्या माहितीसाठी स्टॅक नावाचे मानक पुढे आले आणि २०२१ साली त्याची १.०.० ही स्थिर आवृत्ती निघाली. या दोन्ही मानकांत एक अशीही सोय आहे की सर्व्हर प्रोग्राम न चालवता, एकमेकींना जोडलेल्या साध्या फाइली वेबवर ठेवूनही कॅटलॉग प्रकाशित करता येतो. नगरपालिकेला किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाला, जिथे सर्व्हर सांभाळायला स्वतंत्र माणूस नसतो, तिथे हा मार्ग खरोखर आवाक्यातला आहे. सर्वसाधारण खुल्या माहितीच्या पोर्टलशी जुळवून घ्यायचे असेल, तर वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचे डीकॅट हे शब्दभांडार आहे आणि भू-स्थानिक नोंदी त्यात रूपांतरित करता येतात.

भारतात राष्ट्रीय स्थानिक माहिती पायाभूत सुविधेला, म्हणजे एनएसडीआयला, केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता २००६ साली मिळाली. १७६७ पासून काम करणाऱ्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवरील अनेक निर्बंध फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सैल केले आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण अधिसूचित झाले. धोरण खुले झाले, तरी कार्यालयांमध्ये एक भीती अजून दिसते: नोंद प्रसिद्ध केली म्हणजे माहितीच देऊन टाकली. तसे मुळीच नाही. माहिती संवेदनशील असेल, सशुल्क असेल किंवा केवळ अर्जावर मिळणारी असेल, तरी ती आहे, अमुक वर्षाची आहे, अमुक अटींवर मिळते आणि अमुक पत्त्यावर अर्ज करायचा, एवढे सांगणारी नोंद उघडी ठेवता येते. वापराच्या आणि प्रवेशाच्या निर्बंधांसाठी आयएसओ १९११५ मध्ये स्वतंत्र रकानेच आहेत.

आपल्याकडे आणखी एक प्रश्न आहे, ज्याकडे मराठी माणसांनीच लक्ष दिले पाहिजे: गावांच्या आणि जिल्ह्यांच्या नावांचा. उस्मानाबादचे नाव धाराशिव झाले, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि अहमदनगरचे अहिल्यानगर. जुन्या नोंदीत जुनेच नाव राहणार आणि शोधणारा विद्यार्थी नव्या नावाने शोधणार. चौकटीने घेतलेला शोध नावावर अवलंबून नसल्याने अशा वेळी तरून जातो, पण बहुतेक लोक शब्दानेच शोधतात. यावरचा उपाय मानकातच आहे: शोधशब्दांच्या रकान्यात जुने आणि नवे दोन्ही नाव लिहिता येते, आणि एकाच रकान्याचा मजकूर एकाहून अधिक भाषांत, प्रत्येक भाषेचा संकेत सोबत देऊन, ठेवता येतो. मराठीसाठी तीन अक्षरी आंतरराष्ट्रीय संकेत ठरलेला आहे. माणच्या त्या नोंदीत 'भूजल पातळी' हे शब्द देवनागरीत आणि त्यांच्या शेजारी त्यांचा इंग्रजी पर्याय असेल, तर दहिवडीच्या ग्रामसेवकाला आणि परदेशातल्या जलशास्त्रज्ञाला तोच ओळखक्रमांक असलेली, तीच एक नोंद सापडेल.